उपमुख्यमंत्र्याची कारकीर्द कागदावर शोधायची तर: निकाल, शपथपत्रं, जीआर आणि माहिती अधिकार यांची पारख

गोपीनाथ मुंडे यांच्याविषयी बोलणारी माणसं मराठवाड्यात गावोगाव भेटतात. परळीच्या चहाच्या टपरीपासून संभाजीनगरच्या अभ्यासिकेपर्यंत प्रत्येकाचं मत ठरलेलं आहे. पण १९९५ ते १९९९ या काळात उपमुख्यमंत्री म्हणून त्यांनी कोणता निर्णय घेतला, त्याचा कागद दाखवा म्हटलं की बोलणं थांबतं. कागद मिळवून देणाऱ्या सरकारी सेवा चार आहेत: निवडणूक आयोगाचे निकाल अहवाल, उमेदवारांची शपथपत्रं, राज्य शासनाचं शासन निर्णयांचं संकेतस्थळ आणि माहितीचा अधिकार. पहिल्या तीन फुकट आहेत, चौथीला १० रुपये लागतात. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, तालुक्याचे बातमीदार, एमपीएससीची तयारी करणारी मुलं, किंवा आपल्या नेत्याबद्दल खरं जाणून घ्यावं असं वाटणारा कोणीही मतदार यांच्यासाठी या चारही सेवा मुंडे यांची कारकीर्द समोर ठेवून इथे तपासल्या आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढचा सगळा शोध वाया जातो. राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हे पदच नाही. अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्री आहे आणि इतर मंत्री आहेत, बस्स. उपमुख्यमंत्री हा कायद्याच्या नजरेत एक मंत्री, आणि सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये या पदाविरुद्धची याचिका फेटाळताना तेच सांगितलं. त्यामुळे सरकारी दप्तरात ‘उपमुख्यमंत्री’ या शब्दाने शोधलं तर हाती फारसं काही लागत नाही. त्या माणसाकडे खाती कोणती होती ते आधी काढायचं आणि मग खात्याच्या नावाने शोधायचं. मुंडे यांच्याकडे गृह आणि ऊर्जा ही वजनदार खाती होती. त्यांचं राजकीय वजन या खात्यांमधून आणि शिवसेना-भाजप युतीतल्या दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे भाजपचे, नेते म्हणून होतं, पदाच्या नावातून नव्हे.

बीड जिल्ह्याने राज्याला दोन उपमुख्यमंत्री दिले हे इथे सांगायला हवं, कारण पहिल्याचा विसर पडत चालला आहे. १९७८ मध्ये नासिकराव तिरपुडे यांच्यापासून महाराष्ट्रात हे पद सुरू झालं. त्याच वर्षी पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झाले आणि १९८० पर्यंत राहिले. तेलगावच्या साखर कारखान्याला त्यांचं नाव आहे. त्यांची कारकीर्द शोधायला बसाल तर खाली मुंडे यांच्याबाबत दिलेल्या अडचणी दुपटीने येतील.

आता निकाल अहवाल. चारही सेवांत सगळ्यात भरवशाची ही. १९५१ पासूनच्या प्रत्येक विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल आयोगाने पीडीएफमध्ये ठेवला आहे. विधानसभेचा अहवाल राज्याचं नाव आणि वर्ष यांवरून उघडायचा. सुरुवातीची पक्षांची यादी आणि पक्षनिहाय कामगिरी वाचून पुढे जा. १९९५ च्या अहवालात या एका तक्त्यावरूनच उपमुख्यमंत्रिपद का निर्माण झालं ते कळतं: २८८ जागांपैकी काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५ आणि अपक्ष तब्बल ४५. सेना-भाजप मिळून १३८, बहुमताला हवेत १४५. म्हणजे सरकार अपक्षांच्या टेकूवर, आणि दोन जवळजवळ बरोबरीचे पक्ष एका गाडीला जुंपलेले. आठ जागांच्या फरकाने मुख्यमंत्रिपद एकाकडे गेलं आणि उपमुख्यमंत्रिपद गृहखात्यासह दुसऱ्याकडे आलं.

खरा ऐवज त्यापुढच्या ‘मतदारसंघ माहिती सारांश’ या पानात असतो. एका मतदारसंघाला एक पान. वरून खाली वाचत गेलं की किती अर्ज आले, किती बाद झाले, किती मागे घेतले, किती जणांची अनामत जप्त झाली, मतदार किती, पुरुष किती, बायका किती, बाद मतं किती, मतदान केंद्रं किती, केंद्रामागे सरासरी मतदार किती, फेरमतदान किती केंद्रांवर झालं, आणि तळाशी विजेता, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आणि मताधिक्य हे सगळं मिळतं. बाद मतांचा आकडा नक्की बघा. मतपत्रिकेवर शिक्के मारायच्या काळात काही ठिकाणी बाद मतं मताधिक्याच्या जवळ जातात, आणि मग त्या विजयाकडे बघायची नजर बदलते.

आता मराठवाड्यातल्या शोधणाऱ्यांची हमखास फसगत कुठे होते ते सांगतो. मुंडे म्हणजे परळी, म्हणून लोक १९९५ च्या अहवालात ‘परळी’ शोधतात. सापडत नाही. मग ‘बीड’ शोधतात, तिथे दुसरंच नाव येतं. मुंडे विधानसभेला उभे राहायचे ते रेणापूर मतदारसंघातून. रेणापूर तालुका आज लातूर जिल्ह्यात आहे आणि त्या नावाचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत बंद झाला. परळी हा मतदारसंघ २००९ च्या विधानसभेपासून दिसू लागतो. १९८० मध्ये रेणापुरातून पहिला विजय, १९८५ मध्ये पराभव, मग १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ असे सलग चार विजय. एकूण पाच वेळा आमदार, आणि ते पाचही रेणापूरचे. बीड जिल्ह्यातला चौसाळा, लातूरमधला हेर हे मतदारसंघही असेच गेले. म्हणून २००८ पूर्वीचं काहीही शोधताना आजच्या मतदारसंघाचं नाव विसरा आणि त्या वर्षीच्या अहवालातली मतदारसंघांची यादी एकदा वरून खाली वाचून काढा. दहा मिनिटं जातात, पण पुढचे दोन तास वाचतात.

उलटी अडचण जिल्ह्यांच्या नव्या नावांची. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आता रुळली आहेत, पण २०२४ च्या लोकसभेपर्यंत मतदारसंघांची नावं औरंगाबाद आणि उस्मानाबादच होती. शोधताना तीच टाकावी लागतात. आणखी एक: अहवालातली उमेदवारांची नावं रोमन लिपीत, आडनाव बहुधा आधी, आणि स्पेलिंग वर्षागणिक बदलतं. एका अहवालात गोपीनाथ, दुसऱ्यात गोपीनाथराव. पूर्ण नाव टाकून शोधू नका, फक्त आडनाव टाका आणि मतदारसंघावरून खात्री करा. आयोगाचं संकेतस्थळ आजवर पत्ते बदलत आलेलं आहे, त्यामुळे जुन्या लेखांत दिलेल्या लिंका उघडत नाहीत. अहवाल सापडला की उतरवून ठेवा, लिंक जपून ठेवण्यात अर्थ नाही.

लोकसभेच्या दोन निवडणुका याच पद्धतीने लगेच मिळतात. २००९ मध्ये बीडमधून सुमारे १ लाख ४० हजारांचं मताधिक्य, २०१४ मध्ये सुमारे १ लाख ३६ हजारांचं. त्याच्या पुढचा आकडाही बघून घ्या: ३ जून २०१४ रोजी मुंडे यांचं दिल्लीत अपघाती निधन झालं आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे जवळपास ६ लाख ९६ हजारांच्या फरकाने निवडून आल्या. सहा महिन्यांतले हे दोन आकडे शेजारी ठेवले की सहानुभूतीची लाट म्हणजे काय ते दिसतं. मात्र पोटनिवडणुका मुख्य सांख्यिकी अहवालात नसतात. त्यांचे निकाल वेगळे ठेवलेले असतात, हे माहीत नसल्याने अनेकांना वाटतं की माहितीच नाही.

गावनिहाय मतदान हवं असेल तर नमुना २० मागायचा. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं असतात आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. अडचण अशी की पुष्कळ प्रती स्कॅन केलेल्या असतात, त्यात शब्द शोधता येत नाही. शिवाय नमुना २० मध्ये केंद्राचा फक्त क्रमांक असतो, गावाचं नाव नसतं. त्यासाठी त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडून ठेवावी लागते. त्याच निवडणुकीची, हे महत्त्वाचं. दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रं वाढतात, क्रमांक सरकतात, आणि एका गावाची मतं बेमालूम शेजारच्या गावाच्या नावावर चढतात.

शपथपत्रांची सेवा सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर निवडणुकीचा प्रकार, राज्य, मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. प्रत्येकासमोर अर्ज स्वीकारला, बाद झाला की मागे घेतला ते लिहिलेलं असतं. नाव उघडून नमुना २६, म्हणजे शपथपत्राचा ठरलेला फॉर्म, उतरवून घ्यायचा. एकाच उमेदवाराचे दोन-तीन अर्ज असतात, ते बघून गोंधळू नका. एक बाद झाला तरी दुसरा वैध राहावा म्हणून जास्तीचे अर्ज भरण्याची रीतच आहे.

पण उपमुख्यमंत्री मुंडे यांच्यासाठी ही सेवा जवळपास निकामी आहे, आणि त्याचं कारण तारखेत आहे. उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावं हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये दिला आणि मार्च २००३ मध्ये तो पक्का केला. त्याआधीच्या निवडणुकांना शपथपत्रच नव्हतं. १९९५ ला पदावर येताना काय होतं आणि १९९९ ला उतरताना काय होतं, ही तुलना या कागदांवरून होऊच शकत नाही. मुंडे यांची शपथपत्रं फक्त २००४, २००९ आणि २०१४ या तीन निवडणुकांची. हे ध्यानात न घेता ‘सत्तेत असताना मालमत्ता इतकी वाढली’ असं लिहिणाऱ्याचा आकडा कुठून आला, ते विचारा.

या तीन शपथपत्रांचीही सरळ तुलना होत नाही, कारण नमुनाच बदलत गेला. सुरुवातीला गुन्ह्यांचं नमुना २६ वेगळं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र वेगळं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये दोन्ही एकत्र करून एकच नमुना २६ झाला. २०१७ मध्ये उत्पन्नाच्या स्रोताचा रकाना आला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पाच वर्षांचं आयकर विवरण आणि परदेशातली मालमत्ता आली. म्हणून जुन्या शपथपत्रात एखादी गोष्ट दिसत नसेल तर उमेदवाराने ती लपवली असं म्हणायच्या आधी तेव्हा तो रकाना होता का ते बघायचं. रकाना असून कोरा असेल तर मात्र ती गंभीर बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर कोरे रकाने भरून द्यायला सांगूनही न भरल्यास अर्ज फेटाळता येतो. आणि खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत.

शेतजमिनीचा तक्ता वाचताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते. गट नंबरापुढे क्षेत्र १.२० असं लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आर असतं, म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. वाचणारा ते १ एकर २० गुंठे समजतो, म्हणजे दीड एकर. जमीन एका दमात निम्मी होते. शपथपत्राच्या रकान्याचं शीर्षक एकरात आणि आत भरलेला आकडा सातबाऱ्यावरून जसाच्या तसा उचललेला, असं झालं की गोंधळ आणखी वाढतो. गट नंबर आणि गाव दिलेलंच असतं, महाभूलेखवर विनास्वाक्षरी सातबारा फुकट दिसतो, डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांना मिळतो. आधी ताडून बघा, मग बेरीज करा. किमतीचंही तसंच: खरेदीची किंमत आणि चालू बाजारभाव हे दोन वेगळे रकाने आहेत. वडिलोपार्जित जमिनीला खरेदी किंमत नसते. एका वर्षी एक रकाना आणि दुसऱ्या वर्षी दुसरा रकाना बेरजेला घेतला तर मालमत्ता दहापट वाढलेली दिसेल आणि प्रत्यक्षात एक गुंठाही वाढलेला नसेल.

हे सगळं वाचायला वेळ नसेल तर मायनेता हे संकेतस्थळ बरं. ज्या संस्थेच्या याचिकेवरून २००२ चा निकाल आला तिचंच ते आहे, आणि शपथपत्रातले आकडे तिथे तक्त्यात मांडलेले असतात. पण ते आकडे हाताने लिहिलेल्या कागदावरून उतरवलेले. अंदाजासाठी वापरा. छापायचं असेल तर मूळ पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापू नका.

निवडणूक खर्चाच्या नोंदीबद्दल थोडक्यात. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब द्यायचा असतो आणि त्याची प्रत कोणालाही मिळते. २००९ मध्ये लोकसभेची मर्यादा २५ लाख होती. मुंडे यांचा दाखल हिशोब १९ लाखांच्या घरातला होता, आणि २०१३ मध्ये एका जाहीर भाषणात त्यांनीच त्या निवडणुकीला ८ कोटी लागल्याचं म्हटलं. त्यावर आयोगाने नोटीस काढली. ते अपात्र ठरले नाहीत, २०१४ ला पुन्हा लढले आणि जिंकले. खर्चाच्या हिशोबावरून उमेदवाराने काय दाखवलं ते कळतं. गावात काय वाटलं गेलं ते कळत नाही, आणि ही सेवा तेवढ्यापुरतीच वापरावी.

शासन निर्णयांचं संकेतस्थळ, ज्याला सगळे जीआरची साइट म्हणतात, ते रोजच्या कामाला उत्तम आहे. विभाग निवडा, तारीख टाका, शोधा. प्रत्येक निर्णयाला लांबलचक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. बनावट जीआर व्हॉट्सअॅपवर फिरतो तेव्हा हा सांकेतांक टाकून दोन मिनिटांत खरं-खोटं होतं. पण उपमुख्यमंत्र्याची कारकीर्द शोधायला ही साइट तोकडी पडते. एक तर प्रत्येक जीआर ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ निघतो आणि खाली सही सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते. मंत्र्याचं नाव तिथे असायचं कारणच नाही. दुसरं, हे संकेतस्थळ अलीकडच्या कागदांचं आहे, १९९५ ते ९९ चं तिथे नावापुरतं. त्या काळासाठी इथे वेळ घालवू नका.

राहिला माहितीचा अधिकार, आणि मुंडे यांच्या उपमुख्यमंत्रिपदाच्या वर्षांसाठी खरी वाट हीच आहे. एक उदाहरण धरून चालू. दाभोळ वीज प्रकल्पाच्या फेरविचारासाठी १९९५ मध्ये मंत्रिमंडळाची उपसमिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुंडे होते. तिच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली, आणि पुढे फेरवाटाघाटी होऊन तो परत मार्गी लागला. उपमुख्यमंत्री म्हणून त्यांच्या हातून गेलेला हा सगळ्यात मोठा विषय. मंत्रिमंडळाचे कागद गोपनीय असं सांगून अर्ज परत पाठवला जातो, पण माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(झ) पूर्ण वाचा: निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत कागद खुले करायचे आहेत. तीस वर्षांपूर्वीचा विषय संपलेलाच आहे.

घाई करण्याचं कारण वेगळं आहे. सरकारी कार्यालयांत संचिका अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं. १९९५ च्या ब वर्गाच्या संचिकांची मुदत २०२५ मध्ये भरली, १९९९ च्या २०२९ मध्ये भरेल. मुदत भरली की निंदणीकरणात, म्हणजे जुने कागद निवडून काढताना, त्या नष्ट होतात. एका उपमुख्यमंत्र्याच्या साडेचार वर्षांचे कागद आत्ता, या वर्षांत, एकेक करून जाण्याच्या वाटेवर आहेत आणि मराठवाड्यातून त्यांची मागणी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसावेत. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय संभाजीनगरातही आहे, पण विभागाने कागद तिकडे पाठवले तरच ते तिथे पोचतात.

अर्ज करताना काय बिघडतं ते असं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘मुंडे साहेबांच्या काळातील सर्व निर्णयांची माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास फेटाळला जातो. ‘का’, ‘कशासाठी’ असे प्रश्नही विचारू नका. माहिती म्हणजे दप्तरात असलेला कागद, कारणमीमांसा नव्हे. चुकीच्या विभागाकडे अर्ज गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो, म्हणून विभागावरून अडून बसू नका. आणि जुनी संचिका मागितली की ‘२१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत जळाली’ हे उत्तर येऊ शकतं. आग खरी होती, चौथ्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत कागद गेले. पण जळालेल्या संचिकांच्या यादीत हीच संचिका आहे का, ते मागायचा हक्क तुमचा आहे, आणि तो पहिल्याच अर्जात बजावावा.

मजकूर एवढाच ठेवा: ‘दाभोळ वीज प्रकल्पाच्या फेरविचारासाठी १९९५ मध्ये नेमलेल्या मंत्रिमंडळ उपसमितीबाबत: (१) संबंधित संचिकेचा क्रमांक व अभिलेख वर्ग, (२) संचिका सध्या जिथे आहे ते ठिकाण, (३) उपसमितीच्या अहवालाची प्रत, (४) संचिका नष्ट झाली अथवा जळाली असल्यास तशी नोंद असलेल्या यादीतील संबंधित पानाची प्रत.’ ऑनलाइन पोर्टलवरून मंत्रालयातील ऊर्जा विभाग निवडून पाठवा, किंवा कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून स्पीड पोस्टाने पाठवा. प्रतींना पानामागे २ रुपये पडतात. संचिका जाडजूड असेल तर आधी पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो, आणि हवी तेवढीच पानं खूण करून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच विभागाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्याच्या उत्तरानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. पोस्टाची पावती आणि पोचपावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. अपिलात सगळ्यात आधी तीच मागतात.